गाडीला डोळे फुटले त्याची गोष्ट

ह्या विषयावर लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने गेले. आमच्या घरच्या मंडळींना मी पुण्यात 'कसल्यातरी गाड्यांचं' काम करतो एवढंच माहीत आहे. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मीही "कारखान्यातल्या बिनड्रायव्हरच्या गाड्या" असं सांगून विषय संपवतो. पण गेल्या दिवाळीत आमच्या भाच्याने असा प्रश्न विचारला की एका वाक्यात उत्तर देता येईना. तो प्रश्न पुढे येईलच. आधी त्यामागचा इतिहास सांगतो, कारण तो मला स्वतःला फार आवडतो आणि मराठीत फारसा कुणी सांगत नाही.

ह्या गाड्यांना कारखान्यात एजीव्ही म्हणतात, म्हणजे ऑटोमेटेड गाइडेड व्हेइकल. स्टोअरमधून माल घ्यायचा, लाइनवर नेऊन द्यायचा, रिकाम्या ट्रॉल्या परत आणायच्या. दिवसभर हेच. माणूस वर बसलेला नसतो. मग गाडीला वाट कळते कशी? सगळा इतिहास ह्या एका प्रश्नाचा आहे.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला सोपं जातं, कारण आपण दोन तऱ्हेचे बैल पाहिलेले आहेत. एक घाण्याचा बैल. डोळ्यांना झापड, जू एका लाटेला बांधलेलं, त्याच गोलात दिवसभर फिरणं. त्याला वाट दिसायची गरजच नाही. दुसरा ऊसगाडीचा बैल. ढोकीच्या तेरणा कारखान्याकडे जाणाऱ्या टायरगाड्यांची रात्रीची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल, गाडीवान उसाच्या मोळ्यांवर घोंगडी पांघरून झोपलेला असायचा आणि बैल आपले चालत असायचे. खड्डा आला की वळसा, पुढची गाडी थांबली की थांबायचं, वळण आलं की वळायचं. वजनकाट्यापाशी रांगेत गाडी उभी राहिली की मग गाडीवान जागा व्हायचा. त्या बैलाला कुणी तार बांधली नव्हती. त्याने चार खेपांत वाट बघून ठेवली होती.

एजीव्हीचा जन्म झाला तो घाण्याचा बैल म्हणून. 1953 च्या सुमारास अमेरिकेत मॅक बॅरेट नावाच्या इंजिनिअरने माल ओढणारा एक साधा ट्रॅक्टर घेतला आणि तो वर टांगलेल्या तारेच्या मागोमाग चालेल असा केला. 1954 साली साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया गावी मर्क्युरी मोटर एक्स्प्रेस ह्या माल वाहतूक कंपनीत अशी गाडी कामाला लागली. पुढे तार जमिनीत गेली. फ्लोअरमध्ये इंच-दीड इंच खोल चर कापायची, त्यात तार टाकायची, वरून बुजवायचं, आणि तारेतून बारीकसा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडायचा. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. गाडीच्या पोटाखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन वेटोळी. दोन्हींत सारखा संकेत आला तर गाडी तारेच्या बरोबर मधोमध आहे. डावीकडचा वाढला तर गाडी उजवीकडे सरकली आहे, चाक डावीकडे वळवा. बस्स, एवढंच. कॉम्प्युटर नाही, कॅमेरा नाही. इतकी साधी आणि इतकी भरवशाची युक्ती की ती पुढे कित्येक दशकं चालली.

ह्या तारेवरच्या गाड्यांचा सगळ्यात सुंदर वापर माझ्या मते स्वीडनमधल्या काल्मार इथे झाला. 1974 साली व्होल्वो कंपनीने तिथे मोटारींचा असा कारखाना काढला की ज्यात पुढे सरकणारा पट्टाच नव्हता. प्रत्येक मोटार एका वेगळ्या बिनचालकाच्या गाडीवर ठेवलेली. पंधरा-वीस कामगारांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीकडे मोटारीचा एकेक भाग. गाडी मोटार घेऊन टोळीपाशी यायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती मोटारीला आडवी कलंडवू शकायची, म्हणजे खालच्या बाजूचं काम करताना मान वर करून हात उंचावून तासन्‌तास उभं राहायला नको. ज्यांनी गाडीखाली उभं राहून नट आवळले आहेत त्यांनाच ह्याची किंमत कळेल. हा कारखाना 1994 साली बंद झाला. तरी मला तो नेहमी आठवतो. का, ते शेवटी सांगतो.

तारेची अडचण अशी की ती एकदा टाकली की टाकली. ह्या बाबतीत धाराशिवकरांना (2023 पर्यंत कागदोपत्री उस्मानाबादकर) वेगळं उदाहरण द्यायची गरज नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली. अडीच फुटी रूळ. 1911 साली ती लातूरला पोचली. जाताना आमच्या जिल्ह्यातून गेली, येडशीवरून गेली, पण जिल्ह्याच्या गावाला मात्र बाजूला ठेवून गेली. तेव्हा रूळ जिथे पडले तिथून ते हलायला 95 हून जास्त वर्षं लागली. 2007-08 मध्ये ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला तेव्हा कुठे गावाला रेल्वे मिळाली. रूळ नेतील तिथेच गाडी जाणार, आणि ते जिथे जात नाहीत त्या जागेचं तुम्ही काहीही करा!

कारखान्यातही तसंच व्हायचं. नवं मॉडेल आलं, मशीन दहा फूट सरकलं, की फ्लोअर पुन्हा कापा. म्हणून मग चुंबकीय टेप आली. ती जमिनीवर चिकटवायची, नको असेल तर उचकटायची. छोट्या कारखान्यांत आजही ती दिसते. स्वस्त आहे, पण फोर्कलिफ्टची चाकं तिच्यावरून जाऊन जाऊन तिचे तुकडे पडतात, आणि मग दर शनिवारी कुणीतरी टेपचं बंडल घेऊन उकिडवा बसलेला असतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून लेझरवाल्या गाड्या आल्या. गाडीच्या डोक्यावर गरागरा फिरणारा लेझर, खांबांवर आणि भिंतींवर चमकणाऱ्या पट्ट्या. तीन-चार पट्ट्या दिसल्या की त्यांच्या दिशांवरून गाडी आपली जागा गणिताने काढते, गलबतावरचे लोक दीपस्तंभ बघून काढायचे तशी. ह्यात वाट गाडीच्या नकाशात आली, जमिनीत काही पुरावं लागेना. फार मोठी सुधारणा होती ही. पण गाडीला दिसत होत्या त्या फक्त पट्ट्या. मधे काय आहे ते दिसतच नव्हतं.

आता कॅमेऱ्याची गोष्ट. ती कारखान्यात सुरू होत नाही, चंद्रावर सुरू होते!

1960 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स अ‍ॅडम्स नावाचा विद्यार्थी एक प्रश्न सोडवत होता. चंद्रावर गाडी ठेवली आणि पृथ्वीवरून टीव्ही कॅमेऱ्यातून बघत ती चालवायची म्हटलं, तर संदेश जायला-यायला मिळून अडीच सेकंदांहून जास्त लागतात. मग चालवणाऱ्याचं काय होईल? हे तपासायला त्याने सायकलची चाकं लावलेली, कॅमेरा बसवलेली एक गाडी केली. ती स्टॅनफर्ड कार्ट. पुढे ही गाडी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेकडे आली आणि 1970 च्या दशकात हान्स मोरावेक नावाच्या संशोधकाच्या हाती लागली. माणसाने बघून चालवण्याऐवजी गाडीनेच बघावं ह्या वेडाने त्याला पछाडलं.

त्याने केलं काय, तर गाडीवरच्या एका छोट्या रुळावर कॅमेरा सरकवत नऊ ठिकाणांहून नऊ फोटो काढायचे. नाकासमोर बोट धरून एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट उडी मारल्यासारखं वाटतं, लांबची भिंत मात्र फारशी हलत नाही. ही उडी किती मोठी त्यावरून वस्तू किती जवळ हे काढता येतं. एवढं गणित करायला त्या वेळच्या कॉम्प्युटरला दहा-पंधरा मिनिटं लागायची. मग गाडी एक मीटर पुढे जायची, थांबायची, पुन्हा नऊ फोटो. 1979 साली तिने खुर्च्या मांडलेली एक खोली कुणाच्याही मदतीशिवाय पार केली, साधारण पाच तासांत. उघड्यावर तर आणखी गंमत. गाडी विचार करत असताना सूर्य सरकायचा, सावल्या हलायच्या, आणि पुढच्या फोटोत गाडीला वाटायचं, अरे, हे काय नवीनच!

हसू येतं खरं. पण ह्याच माणसाने आणि त्याचा सहकारी अल्बर्टो एल्फेसने 1985 च्या आसपास पुढची पायरी शोधली. आधी ती कॅमेऱ्यासाठी नव्हती, आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालणाऱ्या सेन्सरसाठी होती. जागेचे बारीक बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात 'इथे काहीतरी आहे' ह्याची शक्यता लिहायची. एकदा दिसलं तर थोडी वाढवायची, पुढच्या वेळी आरपार दिसलं तर कमी करायची. गावातल्या बातमीसारखं आहे हे. एकाने सांगितलं तर आपण सोडून देतो, दहा जणांनी दहा दिशांनी येऊन सांगितलं तर विश्वास ठेवतो. एकेक फोटो बेभरवशाचा असला तरी हजार फोटोंची साक्ष भरवशाची होते. 2003 साली मोरावेकने पिट्सबर्गमध्ये सीग्रिड नावाची कंपनी स्थापन करण्यात भाग घेतला आणि कॅमेऱ्यांच्या जोड्या लावलेल्या माल ओढणाऱ्या गाड्या गोदामांत आणल्या. तार नाही, टेप नाही, पट्ट्याही नाहीत. माणसाने गाडी एकदा वाटेवरून चालवत न्यायची, गाडी बघून ठेवणार, आणि मग आपली आपण जाणार. उसाच्या गाडीचा बैल!

गंमत अशी की त्याच 2003 साली, त्याच अमेरिकेत, बरोबर उलट्या वाटेने जाणारी दुसरी कंपनी निघाली. मिक माउंट्झ, पीटर वर्मन आणि राफाएलो द'आंद्रिया ह्यांची किव्हा सिस्टिम्स. त्यांनीही कॅमेराच वापरला, पण तो खाली जमिनीकडे बघणारा. गोदामाच्या फरशीवर ठरावीक अंतरावर ठिपक्यांच्या चौकटीचे स्टिकर, आणि गाडी एकेक स्टिकर वाचत "मी आता अमुक घरात" असं म्हणत पुढे जाते, सोंगट्या सरकतात तशी. दुसरा कॅमेरा वर बघतो, कुठलं कपाट उचललं ते वाचायला. (आपण भाजीवाल्याकडे जो क्यूआर कोड स्कॅन करतो तो ह्याच घराण्यातला. जपानमध्ये डेन्सो कंपनीत मसाहिरो हारा ह्यांनी 1994 साली तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला केला होता.) 2012 साली अ‍ॅमेझॉनने किव्हा 77.5 कोटी डॉलर्सना विकत घेतली आणि मग सगळ्या जगाचं ह्या विषयाकडे लक्ष गेलं.

म्हणजे एकाने जगाला होतं तसं ठेवून गाडीला शहाणं केलं, तर दुसऱ्याने गाडी साधी ठेवून जगालाच आखून घेतलं. आजही नव्या कारखान्यात बसलं की पहिला वाद ह्याच दोन विचारांत होतो.

ह्यानंतर मात्र सगळं भराभर झालं. मोबाइलमुळे कॅमेरे कवडीमोल झाले. इंटेलमध्ये 1999 साली सुरू झालेली ओपनसीव्ही ही प्रोग्रॅमची पेटी सगळ्यांना फुकट मिळाली. 2010 च्या शेवटी मायक्रोसॉफ्टने खेळासाठी काढलेला कायनेक्ट कॅमेरा आला आणि फोटोबरोबर अंतरही मोजणारा डोळा कॉलेजच्या पोरांनाही परवडू लागला. 2012 नंतर न्यूरल नेटवर्क इतकी सुधारली की समोर खोका आहे की माणूस, हेही सांगता येऊ लागलं.

आता कुणी विचारेल, लेझरवाली गाडी नीट चालत होती तर तिला आणखी कॅमेरा कशाला? कारण साधं आहे. गाडीच्या पुढे-मागे सुरक्षेसाठी जो लेझर स्कॅनर असतो तो जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर एक सपाट पातळ काप बघतो. त्या कापात पाय आला की गाडी थांबते. पण समजा समोर फोर्कलिफ्टची फाळकी अर्ध्या उंचीवर उभी आहेत, किंवा ट्रकमधून पत्रा बाहेर आला आहे, किंवा टेबलाखाली सगळी पोकळी आहे. वीतभर उंचीवर तिथे काहीच नाही, म्हणजे रस्ता मोकळा! कॅमेऱ्याला हे सगळं दिसतं. पॅलेटच्या दोन भोकांत फाळकी नेमकी घालायची असतील, आणि पॅलेट कुणीतरी तिरकं ठेवलं असेल, तरी कॅमेराच कामाला येतो. मात्र माणसाच्या जिवाचा शेवटचा निर्णय अजून बहुतेक ठिकाणी प्रमाणित लेझर स्कॅनरच घेतो. बिनचालकाच्या औद्योगिक गाड्यांसाठी 2020 साली आलेलं आयएसओ 3691-4 हे मानक सुरक्षेच्या कामांना किती भरवसा हवा ते ठरवून देतं, आणि साध्या कॅमेऱ्याला ती परीक्षा सहज पास होता येत नाही. लेन्सवर बोट लागलं, ऊन थेट आलं, तेलाचा थेंब उडाला, की डोळा गेला.

हे सगळं आपल्याकडे कुठवर आलंय? महाराष्ट्रात ह्या कामाची एक पक्की परंपरा आहे. पुण्यात 1990 साली मंगेश काळे आणि रणजित दाते ह्यांनी 'परी' ही रोबो आणि ऑटोमेशनची कंपनी काढली. त्या काळी हे शब्दही फारसे कुणाच्या तोंडी नव्हते. पुढे ती विप्रो समूहात गेली. चाकणला बजाज होतीच, 2009 मध्ये फोक्सवॅगन आली, 2010 मध्ये महिंद्रा, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची गर्दी झाली. आमच्यासारख्यांचं काम बरेचदा नवी गाडी करण्याचं नसतं, असलेल्या गाडीला डोळे बसवण्याचं असतं. टेपवर चालणारी पाच-सात वर्षं जुनी गाडी, तिला पुढे एक अंतर मोजणारा कॅमेरा, पोटाखाली एक, छोटा कॉम्प्युटर. परदेशी पुस्तकात नसलेल्या अडचणी इथे येतात. छताच्या पारदर्शक पत्र्यातून दुपारी बाराला फरशीवर उन्हाचे चौकोन पडतात आणि चार वाजता ते भलतीकडेच असतात (मोरावेकच्या सावल्या!). पावसाळ्यात लेन्सवर वाफ धरते. वाटेत कुणीतरी नमस्कार करून हार घातलेलं मशीन असतं, आणि गाडीला कालच्या नकाशात तो हार दिसलेला नसतो.

असो. आता भाच्याचा प्रश्न.

तो आमच्या कळंब तालुक्यातला. आयटीआय केलं, दोन वर्षं गावी काढली, पाऊस आणि सोयाबीनचा भाव दोन्ही बघून चाकणला आला. एका कारखान्यात काँट्रॅक्टवर टो ट्रक चालवतो. तीन पाळ्यांत मिळून सहा ड्रायव्हर. तिथे आता कॅमेरावाल्या गाड्या येणार आहेत. सुपरवायझरने त्याला निवडलं, कारण त्याचा हात सफाईदार आहे. काम काय, तर नवी गाडी हातात घेऊन सगळ्या वाटांवरून एकदा नीट चालवायची, म्हणजे ती शिकेल. फराळाला बसलो असताना तो मला म्हणाला, "मामा, ती गाडी माझं बघून शिकणार. बरंय. पण शिकली की मग मी कुठं बसायचं?"

मी ज्या विषयावर वीस वर्षं पोट भरलं त्या विषयातला हा सगळ्यात नेमका प्रश्न आहे. उसाच्या गाडीचा बैल वाट शिकला तर गाडीवानाला झोप मिळायची. गाडीवरून त्याला कुणी उतरवत नव्हतं, कारण बैल त्याचा होता. इथे गाडी ज्याची आहे तो वेगळा आणि शिकवणारा वेगळा. तारेच्या काळात वाट इंजिनिअर ठरवायचा, तेव्हा हा प्रश्न असा समोर येतच नव्हता. डोळसपणा आला तसं गाडीला शिकवायला वाट माहीत असलेला माणूस लागू लागला, आणि तो लागतो एकदाच.

मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. सहा ड्रायव्हरांचे सहा तंत्रज्ञ होत नाहीत. एक होतो, फार तर दोन. ज्या जागा होतात त्या खऱ्या आहेत. नकाशा बदलणं, लेन्स आणि सेन्सरची देखभाल, गाडी अडली की का अडली ते शोधणं. ते शिक, ह्या आठवड्यातच शिकायला लाग, शिकवायच्या कामासाठी तुझं नाव आलंय ह्याचा फायदा घे, असं मी त्याला सांगितलं. काय शिकवलंस, किती दिवस शिकवलंस ते लेखी मागून घे, पुढच्या नोकरीत तो अनुभव म्हणून चालेल, हेही सांगितलं. उरलेल्या चार-पाच जणांचं काय, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. धाराशिव, बीड, लातूरची किती पोरं अशा ट्रॉल्यांच्या भरवशावर चाकण-रांजणगावला खोली करून राहतात ते आपल्या घराघरांतून माहीत आहे.

म्हणून मला काल्मार आठवतं. तिथेही बिनचालकाच्याच गाड्या होत्या, आजच्या मानाने आंधळ्या. पण त्या आणताना कुणीतरी आधी विचारलं होतं की मान अवघडून काम करणाऱ्या माणसाचं काय? आणि त्या प्रश्नातून मोटार कलंडवणारी गाडी निघाली. आता गाडीला तेव्हापेक्षा कितीतरी जास्त दिसतं. आम्ही कॅमेरा बसवायच्या बैठकीला जातो तेव्हा किती सेकंद वाचतील, किती माणसं कमी होतील ह्याचा तक्ता तयार असतो. त्या तक्त्यात आणखी एक रकाना असावा, गाडीला वाट शिकवणाऱ्याला पुढे काय काम, असं मी हल्ली बैठकीत म्हणू लागलो आहे. एकदा हसले. एकदा मात्र लिहून घेतलं.

भाच्याचं प्रशिक्षण पुढच्या महिन्यात आहे. तुमच्या घरात, नात्यात कुणी अशा गाड्यांवर काम करत असेल, त्यांच्याकडे काय झालं ते मला जरूर कळवा. त्यालाही वाचायला देईन.